धाकटीचा फोन आणि भिंगोबाची पेटी

माझा साडू आमच्या सासुरवाडीत पहिल्यांदा आला तो माझ्या मेव्हणीला, म्हणजे आमच्या धाकटीला, मागणी घालायला. मी थोरला जावई. त्यामुळे पाहुण्याची उलटतपासणी माझ्याकडे. मी घसा खाकरून, चेहरा जमेल तेवढा गंभीर करून पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात ह्या गृहस्थानं हात पुढे करून माझ्या नाकावरचा चष्माच काढून घेतला. उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, कानावरची दांडी दोन बोटांनी हलकेच वाकवली, खिशातल्या फडक्यानं भिंगं पुसली आणि परत माझ्या नाकावर बसवून दिला. "मान तिरकी करून बघायची सवय लागलीय तुम्हाला," म्हणाला. मला तोवर वाटायचं, जगच तिरकं आहे. पुढं तो दांडीच्या स्क्रूबद्दल इतका बोलला, इतका बोलला, की आपण कशासाठी आलोय तेच विसरला. शेवटी आतून धाकटीचा आवाज आला, "भावोजींचा चष्मा झाला असेल, तर माझंही तेवढं विचारून घ्या म्हणावं."

असं ते लग्न ठरलं.

भिंगोबा हे नाव मी ठेवलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची, हे त्याचं काम. पुढं दुकानात आरसे, दिवे, गोड बोलणारी माणसं. मागं हा, एक फिरतं चाक, चाकावर पाण्याची बारीक धार आणि खिडकी. काच चाकाला लावायची, उचलायची, उजेडाकडे धरायची, परत लावायची. आयुष्यभर हेच केल्यामुळं त्याला सवयच लागली होती. हातात काही आलं की आधी उजेडाकडे धरणार. चहाचा कप धरणार, पोस्टानं आलेलं पाकीट धरणार. एकदा माझ्या नातवाला, तान्हा होता तेव्हा, खिडकीपाशी नेऊन असाच वर धरला. धाकटी म्हणाली, "अहो, आरपार दिसत नसतं ते. खाली ठेवा."

धाकटी रुग्णालयाच्या धुलाईघरात होती. ढिगानं चादरी यायच्या, धुवायच्या, पिळायच्या, वाळवायच्या, घड्या घालून वर पाठवायच्या. काही साठवायचं नाही, हा तिचा धर्म. आणि काही टाकायचं नाही, हा भिंगोबाचा. आता सांगा, असा संसार कसा चालावा? पण चालला, आणि झकास चालला. एकदा ह्यानं कुणीतरी रस्त्यावर टाकलेलं तीन पायांचं स्टूल घरी आणलं. तिनं संध्याकाळी ते बाहेर ठेवलं. सकाळी हा कामाला निघाला, तर त्याला वाटलं, अरे वा, आणखी एक! ते उचलून परत आत. असं ते स्टूल तीनदा घरात आलं. शेवटी तिनंच त्याला चौथा पाय लावायला लावला आणि म्हणाली, "राहू दे. एवढा जीव लावतंय तर."

तिचं एक पक्कं मत होतं. ती म्हणायची, "रोजच्या वापरातली वस्तू कधी हरवत नाही. हरवते ती जपून ठेवलेली." आणि ते खरंच होतं बरं का. कात्री, किल्ली, सुईदोरा, सगळं समोर खिळ्याला. जपून ठेवलेली कागदपत्रं मात्र आजतागायत सापडलेली नाहीत. हे तिचं मत लक्षात असू द्या.

तर आता पेटी.

धाकटीची पाळी असायची दुपारची. घरी यायला अंधार पडायचा. आणि टीव्हीवर दर बुधवारी ऐन तिच्या पाळीच्या वेळेला बागकामाचा एक कार्यक्रम लागायचा. लोक फोन करायचे, बागेतले एक जाणकार उत्तरं द्यायचे. धाकटीच्या गॅलरीत कुंडीतलं लिंबाचं झाड होतं. त्यामुळं तिला ह्या कार्यक्रमाचं भारी वेड, आणि बघायला मात्र कधी मिळायचा नाही. पूर्वी भिंगोबा कॅसेटवर उतरवून ठेवायचा. मग टीव्ही डिजिटल झाला आणि कॅसेटचं यंत्र आंधळं होऊन बसलं. तयार यंत्रं दुकानात मिळत होती, नाही असं नाही. पण भिंगोबा म्हणाला, "विकतच्या डब्याचं झाकण उघडता येत नाही, दादा. ज्याचं झाकण उघडत नाही त्याच्याशी बोलायचं काय?" आणि घरीच करायला बसला.

दुकानातला बिलं करायचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, तो त्यानं आणला. टीव्हीचा सिग्नल पकडणारं एक कार्ड आणून त्यात बसवलं. एक मोठी डिस्क घातली. आणि हे सगळं बिऱ्हाड बसवलं कशात? दुकानात चष्म्याच्या फ्रेम मांडायचं काचेचं शोकेस असतं ना, एका बाजूला आरसा असलेलं, त्यात! काचेतून आतला पंखा फिरताना दिसायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा. धाकटी त्या आरशात बघून केस विंचरायची. म्हणायची, "चला, काहीतरी उपयोग झाला."

चित्र मात्र काही येईना. आमच्या लहानपणीच्या टीव्हीला कशा मुंग्या यायच्या, पण मुंग्यांच्या आड का होईना, माणूस दिसायचा. ह्या डिजिटलचं तसं नाही. आहे तर लख्ख. नाही तर चौकोन चौकोन होतात आणि मग काहीच नाही. एका रविवारी त्यानं मला त्याच चार पायांच्या स्टुलावर उभं केलं, हातात अँटेना दिली आणि गॅलरीच्या कोपऱ्यात धरायला सांगितली.

"दादा, थोडं डावीकडं. आणखी. बास! हलू नका!"

"अहो, नाक खाजतंय माझं."

"खाजवू नका! बातम्या आल्यात!"

"मी काय बातम्या संपेपर्यंत असाच उभा राहू?"

आतून धाकटी म्हणाली, "राहा ना भावोजी. झाडाला सावली पण होतेय तुमची."

शेवटी मी उभा होतो तिथंच एक काठी ठोकली आणि अँटेना तिला बांधली. त्या काठीला ते दोघं 'दादा' म्हणायचे. वारा सुटला की धाकटी ओरडायची, "अहो, दादा वाकलेत!"

पेटी चालू झाली. आठवडाभराचे कार्यक्रम कधी लागणार हे तिला हवेतूनच कळायचं. आपण नुसती खूण करायची, वेळ झाली की ती आपली आपण जागी होऊन उतरवून घ्यायची. भिंगोबाची छाती फुगली. आणि लगेच नवराबायकोत भांडण लागलं. हा म्हणे, सगळं ठेवायचं. ती म्हणे, बघितलं की पुसायचं. "बघून झालेल्याचं काय लोणचं घालायचंय? माझ्याकडं धुतलेल्या चादरी साठायला लागल्या तर आजारी माणसं जमिनीवर झोपतील."

मधला मार्ग निघाला. भिंगोबानं पेटीला नियम घालून दिला: जागा आहे तोवर सगळं राहू दे. जागा भरत आली की बघून झालेलं आधी पुसायचं, त्यातलं जुनं सर्वांत आधी. न बघितलेल्याला हात लावायचा नाही. आणि एखादं कायमचं ठेवायचंच असेल, तर त्याच्यापुढं कुलपाची खूण करायची. हे त्यानं मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ही तर आमच्या गावच्या शाळेतली पाटी झाली. गुरुजी पाटी तपासायचे आणि लगेच पुसायला लावायचे. तपासलेलं कशाला ठेवायचं? पुढचं गणित लिहायचंय! फक्त आमची पाटी थुंकी लावून पुसलेली असायची. तिरकी धरली की पुसलेलं गणित अंधुक दिसायचं, आणि त्याच्या जोरावर मी चौथी पास झालो.

मग तो बुधवार आला. धाकटीनं कामावरून, धुलाईघराच्या भिंतीवरच्या फोनवरून, कार्यक्रमाला फोन लावला. आणि लागला! आम्हाला कुणाला पत्ता नाही. अंधार पडल्यावर घरी आली, हात धुतले आणि म्हणाली, "लावा तुमची पेटी. आज जरा कान देऊन ऐका."

ते बोलणं मला तोंडपाठ आहे. कारण नंतर प्रत्येक घरगुती बैठकीत ते मीच सांगायचो.

निवेदिका गोड आवाजात म्हणते, "बोला ताई, आम्ही ऐकतोय."

"अहो, माझं लिंबाचं झाड पाच वर्षांचं झालं. पानं बघा तर घोड्यासारखी माजलीत. एक फूल नाही."

जाणकार म्हणतात, "पाणी कितीदा घालता?"

"रोज. तहान रोजच लागते ना?"

"तिथंच चुकतंय. पाणी तोडा. महिनाभर झाडाला ताण द्या. झाड घाबरलं पाहिजे, म्हणजे फळ धरतं."

"घाबरवून? आमच्या ह्यांना मी लग्न झाल्यापासून धाकात ठेवलंय, अजून न्हाणीघराचं दार दुरुस्त होत नाही. झाड काय घाबरतंय!"

निवेदिका हसायला लागली. जाणकारांनाही हसू आवरेना. "ताई, मागे कसला आवाज येतोय हो?"

"चादरी. पिळणी थांबली वाटतं. ठेवते." आणि खटकन ठेवला की फोन! बागेतले जाणकार तोंड उघडं ठेवून कॅमेऱ्याकडं बघताहेत.

भिंगोबा तर हसून हसून शोकेसला टेकला. म्हणाला, "हे ठेवतो हं मी. कुलूप लावतो ह्याला."

"कशाला? मी अख्खी आहे ना घरात? मला जेवायला वाढाल आणि शेजारी माझ्या आवाजालाही पान मांडाल. काही नको कुलूपबिलूप."

त्यानं लावलं नाही. जागा भरपूर होती, म्हणून ते आपोआपच राहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, कामावर एका मोठ्या चादरीची घडी घालताना, धाकटीला चादरीचं चौथं टोक सापडेना. तिच्याबरोबरची बाई सांगत होती, तीन टोकं हातात होती, आणि ती चौथं शोधत होती, शोधत होती. आणि मग खाली बसली. त्याच इमारतीत तिला ढकलगाडीवर घालून वर नेलं. अंगावर घातलेली चादर तिच्याच हातची असणार.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालू लागला. वाचा मात्र गेली. सगळं समजायचं, डोळे तसेच मिस्कील, पण शब्द म्हणून एकच उरला: "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, राग आला तरी बरं, फक्त जरा जोरात.

भिंगोबा मला दवाखान्याच्या जिन्यात म्हणाला, "इतकी वर्षं वाट बघितली दादा, की ही एकदा तरी मला बरं म्हणेल." आणि हसला. मग जिन्यातच बसला. मी शेजारी बसलो.

ती दवाखान्यात होती त्या दिवसांत त्यानं न्हाणीघराचं दार दुरुस्त केलं. घरी आल्यावर तिनं नेहमीच्या सवयीनं खांदा लावून ढकललं, तर ते लोण्यासारखं उघडलं आणि ती पडता पडता वाचली. दाराकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं."

वाचा परत यायला मदत करणाऱ्या एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "बोलणं तिच्या आत आहे, वाट सापडत नाहीये. ओळखीचं ऐकू द्या. सारखं ऐकू द्या." भिंगोबानं विचार केला, तिच्या स्वतःच्या आवाजापेक्षा ओळखीचं आणखी काय असणार? तो रोज जेवणं झाली की तिला खुर्चीत बसवायचा आणि पेटीतून तो फोन लावायचा. "बोला ताई, आम्ही ऐकतोय." ती ऐकायची. हसायच्या जागी हसायची. तो तिच्या ओठांकडं बघत बसायचा, भिंगाकडं बघावं तसं.

आणि एका दुपारी, "झाड काय घाबरतंय" ह्या जागेवर, तिचे ओठ हलले आणि आवाज आला, "झा."

बस, एवढंच. पण ते 'बरं' नव्हतं!

भिंगोबा चप्पल न घालता आमच्या घरी आला. "दादा, वहिनी, झा म्हणाली! उद्या जेवायलाच या. तुम्ही ऐका. तुम्ही तिच्यासमोर बसा, थोरल्या बहिणीला बघून पुढचंही येईल." आमची ही रडायलाच लागली. मी म्हटलं, "अगं, अजून झाड यायचंय. पुरतं येऊ दे, मग रड."

आता पेटीकडं काय झालं होतं ते सांगतो. धाकटी दिवसभर घरी. तिला करमावं म्हणून भिंगोबानं पेटीला दिसेल ते उतरवायला लावलं होतं. बागा, पक्षी, जुनी गाणी, मालिका, स्वयंपाक, देशोदेशीच्या नद्या. त्याचं प्रेमच तसलं, टाकायचं काही नाही. पेटी रात्रंदिवस भरत होती. फोनला कुलूप लावायचं त्याच्या मनातही आलं नाही. का यावं? रोज दुपारी लागणारी गोष्ट! रोजच्या वापरातली वस्तू कधी हरवते का?

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. जेवलो. धाकटीला खुर्चीत बसवलं, समोर थोरली बसली, मी बाजूला. टीव्हीवर एक नदी वाहत होती, पेटी ती उतरवून घेत होती. भिंगोबानं रिमोट घेतला आणि यादी उघडली. खाली गेला. वर आला. परत खाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दिसत नाहीये."

"चष्मा लावा की!"

"लावलाय, दादा."

मग त्याचा चेहरा बदलला. तो उठला, शोकेसपाशी गेला आणि भिंतीतला प्लग ओढून काढला. नदी गेली. पंखा घरघरत थांबला, हिरवा दिवा विझला. धाकटी दचकली. "बरं?" म्हणाली.

"अहो, असं काय करताय?"

"चालू राहिली तर आणखी लिहील. तिच्या जागेवर लिहील." प्लग त्यानं हातातच धरून ठेवला होता. "पेटीनं पुसलं, दादा. जागा भरली म्हणून पुसलं."

"पण तिला सांगितलं कुणी?"

"मीच. बघून झालेलं आधी, असं मीच सांगून ठेवलं होतं. आणि हे तर आम्ही रोज बघत होतो. पेटीच्या हिशेबी ह्याच्याइतकं बघून झालेलं घरात दुसरं काहीच नव्हतं."

"अहो, पण रोजच्या वापरातली वस्तू..."

"ती हिची रीत. पेटीला ती कधी सांगितलीच नाही."

आमची ही धाकटीचा हात धरून बसली होती. धाकटी आळीपाळीनं आमच्याकडं बघत होती. तिला कळलं होतं की नाही कोण जाणे. माझी खात्री आहे, कळलं होतं. कारण तिनं डाव्या हातानं भिंगोबाच्या सदऱ्याचं टोक ओढलं आणि त्याला खाली बसवलं.

आम्ही दोघं ती डिस्क फडक्यात गुंडाळून एका दुकानात घेऊन गेलो. पुसलेलं परत काढून देणारी एक तरुण बाई तिथं होती. अगदी सरळ बोलणारी. "ठेवून जा," म्हणाली, "पण आशा लावू नका. नुसतं पुसलं असतं तर सगळं मिळालं असतं. पुसल्यावर वर दुसरं लिहिलं गेलं असेल, तर तेवढं गेलं."

मी म्हटलं, "तिरकं धरून नाही का दिसणार?"

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण मी खरंच विचारत होतो.

तोवर मी टीव्हीवाल्यांच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं. थेट कार्यक्रमातले फोन आम्ही ठेवत नाही, म्हणाली. मग तिला माझी दया आली असावी. अगदी उत्साहानं म्हणाली, "आजोबा, त्यात काय एवढं? ताईंना परत फोन करायला सांगा ना! कार्यक्रम चालूच आहे, बुधवारी."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुकानातल्या बाईनं बोलावलं. डिस्कवर नद्या होत्या, पक्षी होते, सगळी जुनी गाणी होती. आमच्या बुधवारातलं जे उरलं होतं ते तिनं वेगळं काढून ठेवलं होतं. "एवढंच," म्हणाली, आणि पडद्यावर लावलं. बागेतले जाणकार कुंडीत काडी खुपसताहेत. निवेदिका मान वळवते. "बोला ताई, आम्ही ऐकतोय." आणि तिचा चेहरा चौकोन चौकोन होतो, आणि काळं.

भिंगोबा म्हणाला, "पुढचं?"

"पुढं नदी आहे, काका," ती बाई म्हणाली. "लिहिलं गेलंय."

तेवढा तुकडा त्यानं घरी आणला आणि पेटीत ठेवला. ह्याला मात्र कुलूप लावलं.

मग त्याला एक सुचलं. म्हणाला, "दादा, तुम्हाला तर तोंडपाठ आहे. तुम्ही म्हणा." आता हे काम माझ्या हातचं! आयुष्यभर दुसरं केलं काय? मी दुपारी त्यांच्याकडं जाऊ लागलो. भिंगोबा तुकडा लावायचा. निवेदिका म्हणायची, बोला ताई. आणि काळ्या पडद्यासमोर मी धाकटीच्या आवाजात सुरू व्हायचो. घोड्यासारखी माजलेली पानं, रोजची तहान, न्हाणीघराचं दार, सगळं. इतर वेळी ह्या गोष्टीवर लोक पोट धरून हसायचे. धाकटीही हसायची, मला बघून. पण ओठ हलायचे नाहीत.

भिंगोबा डोळे मिटून ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "दादा, 'अहो' म्हणायच्या आधी ती श्वास घ्यायची."

"कसा?"

"आत ओढून. भांडायला निघाल्यासारखा."

मी घेतला. "असा?"

"नाही. थोडा लहान."

परत घेतला.

"नाही हो." मग त्यानंही घेऊन बघितला. आमची ही म्हणाली, थांबा, लहानपणापासून मी ऐकलाय तो, आणि तिनं घेतला. तिचा सगळ्यात जवळचा होता, पण तिलाच ठसका लागला. तीन म्हातारी माणसं एका खोलीत बसून एक श्वास शोधताहेत, आणि जिचा तो आहे ती समोर खुर्चीत बसून आमच्याकडं बघतेय.

वाचेच्या बाई अजून येतात. वेळ लागेल म्हणतात. किती, ते सांगत नाहीत. आणि भिंगोबाही आता विचारत नाही. लिंबाच्या झाडाला तो रोज पाणी घालतो. मी म्हटलं, "अहो, जाणकारांनी तोडायला सांगितलं होतं ना?" तर म्हणाला, "तिनं कुठं ऐकलं होतं?" पानं माजलीत. फूल नाही.

काल मी जरा उशिरा पोचलो. दार लोटलेलंच होतं. आत तुकडा लागला होता. गॅलरीतले 'दादा' वाऱ्यानं वाकले होते. भिंगोबा शोकेसजवळ, पाठमोरा. धाकटी खुर्चीत. निवेदिकेनं मान वळवली आणि त्याच गोड आवाजात म्हणाली, "बोला ताई, आम्ही ऐकतोय."

चौकोन आले. पडदा काळा झाला. माझी बोलायची पाळी होती, पण मी दारातच होतो, चप्पल पायात होती. भिंगोबानं मागं वळून तिच्याकडं बघितलं.

तिनं श्वास आत ओढला. लहान, भांडायला निघाल्यासारखा. तोच.

"बरं," म्हणाली.

भिंगोबानं रिमोट उचलला आणि तुकडा परत सुरुवातीला नेला.